दुसऱ्या यादीतली काकी

आमच्या चर्चमध्ये दोन याद्या आहेत. एक प्रभुभोजन घेणाऱ्यांची आणि दुसरी न घेणाऱ्यांची. दोन्ही मीच ठेवतो, कारण सव्वीस वर्षं मंडळीचा सेक्रेटरी मी आहे. माझ्या आधी वडील होते. त्यांचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं आणि नियमांच्या बाबतीत ते माझ्यापेक्षा कडक होते, असं मला बरीच वर्षं वाटायचं. आता वाटत नाही.

चर्च म्हणजे फार मोठं काही डोळ्यांसमोर आणू नका. कर्जतला रेल्वेचे गोरे साहेब राहायचे तेव्हा त्यांच्यासाठी बांधलेली काळ्या दगडाची एक खोली, वर कौलं, पुढे छोटा व्हरांडा. आज मंडळीत अकरा घरं आहेत. चार रेल्वेतली, तीन भिवपुरीच्या पॉवरहाऊसमधून रिटायर झालेली, त्यांतच मी, दोन शाळामास्तरांची, एक खालापूरहून मोटरसायकलवर येणारं जोडपं आणि भिसेगावची काकी. पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, महिन्यातून एकदा येतात, दुसऱ्या रविवारी. बाकीचे रविवार आम्हीच प्रार्थना म्हणतो आणि घरी जातो.

काकी माझी नात्याने कोणी नाही. तिचा नवरा रेल्वेत गँगमन होता, वडिलांच्या ओळखीचा. ती मूळची कशेळ्याच्या बाजूची, शेतकऱ्याच्या घरातली. लग्न ठरलं तेव्हा तिने बाप्तिस्मा घेतला, तोही स्वतःच्या मर्जीने. तिच्या भावांनी त्यानंतर दहा वर्षं तिच्याकडे पाणी प्यायलं नाही, हे तिनेच मला एकदा सांगितलं होतं, आणि सांगताना ती तांदूळ निवडत होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. चर्च झाडणं, फुलं ठेवणं, वेदीवरचं कापड धुणं हे सगळं तीच करते. आणि प्रभुभोजनाला येशूच्या आठवणीत जिचा एकेक तुकडा वाटतात, ती पोळीही तीच करते. शहरातल्या चर्चांत विकतच्या पातळ चकत्या वापरतात, आमच्याकडे पहिल्यापासून घरची पोळी. गव्हाचं पीठ, पाणी, मीठ नाही, तेल नाही. जाडसर लाटायची, भाजायची, कडा कापून टाकायच्या आणि मधल्या भागाचे चौकोनी तुकडे करायचे. कापलेल्या कडा ती कोंबड्यांना घालते.

ही पोळी तिने चाळीस वर्षं केली आणि तिचा एक तुकडाही कधी तोंडात घातला नाही. कारण ती दुसऱ्या यादीत.

हे समजायला थोडा इतिहास सांगावा लागतो, आणि तो सांगताना दर वेळी माझं डोकं तापतं. इंग्लंडच्या एका राजाला बायको बदलायची होती. पोप परवानगी देईना. मग राजाने सगळं चर्चच पोपकडून काढून स्वतःच्या हाताखाली घेतलं. पोप गेला, पण त्याच्या खालचे बिशप होते तसे राहिले, आणि चर्चचे नियम हे देशाच्या कायद्याचाच भाग होऊन बसले. ते नियम बोटीत बसून आपल्याकडे आले. एके काळी अख्ख्या हिंदुस्थानाला मिळून एकच बिशप होता, कलकत्त्याला बसायचा, आणि त्याची नेमणूक राजाच्या सहीने व्हायची. स्वातंत्र्याच्या वीसेक वर्षं आधी इथलं चर्च विलायतेपासून कायद्याने सुटं झालं. आपली घटना आली, आपले कॅनन, म्हणजे चर्चचे कायदे, आले. पुढे निरनिराळ्या मिशनांची चर्चं त्यात मिसळली आणि पुन्हा नवी घटना आली. कमिट्या, परिषदा, निवडणुका, ट्रस्ट. एवढी उलथापालथ झाली, पण एक गोष्ट कोणी हलवली नाही. पाळक बाप्तिस्मा देऊ शकतो, लग्न लावू शकतो, माती देऊ शकतो. दृढीकरण मात्र बिशपच करणार. माणसाच्या डोक्यावर बिशपने हात ठेवायचा, तेव्हा तो पुरता मंडळीचा. आणि दृढीकरण झाल्याशिवाय प्रभुभोजन नाही. हे मला वडिलांनी सांगितलं, वडिलांना त्यांच्या वेळच्या पाळकांनी सांगितलं, आणि मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत आलो.

आता कर्जतसारख्या अकरा घरांच्या मंडळीकडे बिशप किती वेळा येणार? काकीच्या आयुष्यात तीनदा ठरलं. पहिल्या वेळी ती बाळंतपणाला कशेळ्याला होती. दुसऱ्या वेळी उल्हासला पूर आला, गाड्या बंद पडल्या, बिशप कल्याणवरून परत फिरले. तिसऱ्या वेळी बिशप खरोखर आले, काकीने नवीन पातळ घेतलं होतं, आणि तिचं नाव मी यादीतून काढलं.

मीच काढलं. मला सेक्रेटरी होऊन तीन वर्षं झाली होती आणि अंगात नियमांचा भारी जोर होता. उमेदवारांच्या फॉर्मसोबत बाप्तिस्म्याचा दाखला लावायचा होता. आमची बाप्तिस्म्यांची जुनी वही नकला काढायला मुख्य कार्यालयात गेली होती आणि परत आली नव्हती. दाखला नाही तर फॉर्म अपुरा. तिचा बाप्तिस्मा झालेला वडिलांनी डोळ्यांनी पाहिला होता, ते तेव्हा जिवंत होते, शेजारच्या खुर्चीत बसले होते. तेही म्हणाले, कागद हवा. मी काकीला सांगितलं, पुढच्या वेळी नक्की. ती बरं म्हणाली आणि बिशपांच्या जेवणासाठी वालाचं बिरडं करायला गेली.

पुढची वेळ आलीच नाही. ते बिशप रिटायर झाले. नव्याची निवडणूक झाली, ती कोणाला मान्य झाली नाही, प्रकरण कोर्टात गेलं. मग कारभारी नेमले, मग कारभाऱ्यांवर दावे लागले. मग एक बिशप आले, ते आजारी पडले आणि गेले. मग पुन्हा जागा रिकामी. मी पत्रं लिहीत राहिलो. उत्तर बहुतेक वेळा यायचं नाही, आलं तर एका ओळीचं, की विषय विचाराधीन आहे. असली नऊ उत्तरं माझ्या कपाटात आहेत.

याच काळात कर्जतभर फार्महाऊस झाली आणि आमच्या चर्चला भलतीच किंमत आली. काळा दगड, मागे माथेरानचा डोंगर. लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी यायला लागली. एकदा तर मालिकेवाले आले, त्यांना आत खोटं लग्न लावायचं होतं. मी म्हटलं, हे पवित्र केलेलं ठिकाण आहे, वरून परवानगी आणा. मला वाटलं आता बसतील वर्षभर. ते चौथ्या दिवशी शिक्का मारलेला कागद घेऊन हजर. खोट्या नवरीने वेदीसमोर गुडघे टेकले, खोट्या पाळकाने तिच्या तोंडात काहीतरी घातलं, आणि काकी मागच्या बाकावर बसून बघत होती, कारण नंतर झाडायचं तिलाच होतं. त्या दिवशी मी घरी जाऊन बायकोवर उगाच ओरडलो.

काकीने स्वतः कधी काही मागितलं नव्हतं. सगळे पुढे गेले की ती शेवटच्या बाकावर डोकं खाली घालून बसायची. पण दोन वर्षांपूर्वी तिचा गुडघा पार गेला, एका डोळ्याला दिसेना, आणि एका रविवारी कपाटाला कुलूप लावताना ती माझ्यामागे येऊन उभी राहिली. म्हणाली, "आरं भाऊ, मी मरायच्या आदी एकदा तरी व्हईल का रं ते? का तशीच जाऊ?"

मी म्हटलं, बघतो. आणि दुसऱ्याच दिवसापासून कामाला लागलो. पुण्याला शेजारच्या धर्मप्रांताचे बिशप दृढीकरणासाठी येणार होते. मी फोन केले, ओळखी काढल्या, कोणीतरी म्हणालं घेऊन या, बघू. मी काकीला घेऊन गाडीत बसलो. तिने तेच पातळ नेसलं होतं, तिसऱ्या वेळचं, घडीवर पिवळं पडलेलं. पिशवीत भाजलेले शेंगदाणे. घाटात ती खिडकीबाहेर बघत होती आणि मधूनच विचारत होती, बिशपचा हात डोक्यावर असताना डोळे मिटायचे का उघडे ठेवायचे. मी मिटायचे म्हणालो. मला खरं तर आठवत नव्हतं.

तिथल्या ऑफिसातल्या बाबूने कागद पाहिले. बाप्तिस्म्याचा दाखला होता, एव्हाना वही परत आली होती. फॉर्म होता. पण फॉर्मवर सही हवी होती आमच्या पाळकांची, उमेदवाराची तयारी झाली आहे म्हणून. आमच्या पाळकांची त्याच महिन्यात बदली झाली होती आणि नवे अजून नेमायचे होते. बाबू चांगला माणूस होता, आवाजही चढवला नाही. म्हणाला, दुसऱ्या धर्मप्रांताचा सभासद, त्यात पाळकाची सही नाही, कॅननमध्ये बसत नाही. आणि मी काय केलं असेल? मी मान हलवली. भांडायचं सोडून मान हलवली, कारण त्याच्या जागी मी असतो तर हेच म्हणालो असतो. परतीच्या गाडीत काकीने शेंगदाणे माझ्या हातावर ठेवले आणि लोणावळा आल्यावर डोळे मिटून घेतले. ती झोपली नव्हती, हे मला कळत होतं.

यंदा नव्या पाळकबाई आल्या. तिशीतल्या, नगरकडच्या, स्कूटर चालवत येतात. बाईमाणूस पाळक म्हणून आमच्यातल्या दोघांनी आधी नाकं मुरडली, मग त्यांचा उपदेश ऐकून गप्प झाले. पहिल्याच महिन्यात त्यांनी माझं कपाट उघडायला लावलं. मला जरा अभिमानच वाटला. वह्या कोऱ्या कव्हरात, वर्षवार लावलेल्या. त्यांनी एकेक चाळली आणि विचारलं, ही दुसरी यादी कशासाठी?

मी सगळं समजावून सांगितलं. राजापासून काकीपर्यंत सांगितलं. त्यांनी मध्ये न बोलता ऐकून घेतलं. मग कपाटातलं उपासनेचं जुनं पुस्तक काढलं, मराठीतलं, वडिलांनी पुठ्ठा घालून शिवलेलं. दर महिन्याला मी त्यातूनच उत्तरं म्हणतो. त्यांनी दृढीकरणाचा विधी काढला आणि त्याच्या शेवटी, प्रार्थना संपल्यावर बारीक टायपात जी सूचना होती, तिथे बोट ठेवलं. मी चष्मा लावला. तिथे लिहिलं होतं की ज्याचं दृढीकरण झालेलं नाही त्याला प्रभुभोजन देऊ नये. हे मला ठाऊक होतंच. पण वाक्य तिथे संपत नव्हतं. पुढे होतं की, मात्र जो दृढीकरणाला तयार आहे आणि ज्याची तशी इच्छा आहे, त्याला द्यावं.

मी ते पान कधी वाचलं नव्हतं. वडिलांनीही वाचलं नसावं. तो विधी बिशपचा, बिशप आला की तो आपलं पुस्तक आणतो, आम्ही कशाला ते पान उघडतोय? त्या पुस्तकाची बाकीची पानं हाताळून मऊ पडली आहेत. हे पान करकरीत होतं.

तरीही मी वाद घातला, याची मला जास्त लाज वाटते. मी म्हटलं, बाई, पण हे अडीअडचणीसाठी असेल, जुनं आहे, नव्या घटनेत काय आहे ते विचारावं लागेल, मी पत्र लिहितो. पाळकबाई म्हणाल्या, "काका, त्या तयार आहेत का?"

मी म्हटलं, आहेत.

"इच्छा आहे का?"

पिवळं पडलेलं पातळ डोळ्यांसमोर आलं. त्यांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाल्या, पत्र लिहू नका, त्यांना सांगून या.

मी लगेच गेलो नाही. पाळकबाई निघून गेल्यावर दुसरी यादी उघडून बसलो. काकी धरून तिच्यात आठ नावं होती. सात नावांपुढे मी किंवा वडिलांनी तारीख घालून मयत असं लिहिलं होतं. एक शाळेतली बाई, दर रविवारी पेटी वाजवायची. एक रेल्वेतला पॉइंट्समन. एक बावीस वर्षांची मुलगी, काविळीने गेली, शेवटच्या आठवड्यात तिच्या आईने पाळकांना प्रभुभोजन आणायला सांगितलं होतं आणि वडिलांनी तिला नियम समजावून सांगितला होता. मी तेव्हा तिथे होतो. वडिलांचा आवाज किती शांत होता, ते मला अजून आठवतं. आम्हाला वाटायचं आम्ही नियम पाळतोय. आम्ही अर्धा नियम पाळत होतो आणि उरलेला अर्धा कपाटात कुलूपबंद होता. बिशपला, कोर्टाला, बाबूला मी इतकी वर्षं शिव्या घातल्या. किल्ली माझ्या खिशात होती.

काकी घरी होती. ओट्याशी उभी राहून काहीतरी परतत होती. मी उंबऱ्यातूनच म्हटलं, काकी, येत्या रविवारी तुम्ही पुढं या, प्रभुभोजन घ्यायला.

तिने मागे वळून न बघता विचारलं, "बिशप येनार हाय का?"

"नाही. बिशपची गरज नाही."

"मंजे, नियम बदलला?"

खोटं बोलणं इतकं सोपं होतं. हो म्हटलं असतं तर ती खूश झाली असती, आणि मीही सुटलो असतो. मी म्हटलं, "बदलला नाही. आधीपासून तसाच होता. माणूस तयार असला, त्याची इच्छा असली, तर चालतं. पुस्तकात लिहिलंय."

तिने गॅस बंद केला. पदराला हात पुसत माझ्यासमोर आली आणि दिसणाऱ्या डोळ्याने माझ्याकडे बघत राहिली.

"तुला ठावं व्हतं?"

"नव्हतं. मी वाचलं नव्हतं."

"आन् पुस्तक कुनाकडं व्हतं?"

"माझ्याकडं."

मला वाटलं, ती रडेल. रडली असती तर बरं झालं असतं, निदान मला बस काकी, रडू नका असं काहीतरी म्हणता आलं असतं. ती पुन्हा ओट्याकडे गेली, गॅस पेटवला आणि पाठमोरीच म्हणाली, "मी खायाला येनार हाय. मग या बारीला पोळी मी नाय करायची. तू कर."

मी घरी येऊन बायकोला सांगितलं. मला वाटलं ती करून देईल. ती म्हणाली, तुम्हाला सांगितलंय ना, तुम्हीच करा, आणि स्वयंपाकघरातून बाहेर जाऊन बसली. त्या रविवारी सकाळी मी आयुष्यात पहिल्यांदा पीठ मळलं. ते आधी सैल झालं, मग घट्ट झालं. पहिली पोळी फाटली, दुसरी करपली. उपासनेची वेळ जवळ येत होती. तिसरी वरून बरी दिसत होती, तीच घेतली. कडा कापल्या, चौकोन केले, एकही सरळ आला नाही. पांढऱ्या कापडाखाली झाकून घेऊन गेलो.

काकी शेवटच्याच बाकावर बसली होती, त्याच पातळात. वेळ झाल्यावर पहिल्या यादीतले सगळे पुढे गेले, मीही गेलो. ती उठली. गुडघ्यामुळे तिला बाकांना धरत धरत यावं लागत होतं. मधल्या वाटेची लांबी मी दर रविवारी बघतो, पंधरा पावलं असतील. पाळकबाई ताट हातात घेऊन थांबून राहिल्या. खालापूरच्या जोडप्यातली मुलगी तिला धरायला पुढे झाली, तर काकीने मानेनेच नको म्हटलं. तिला गुडघे टेकता येत नव्हते, ती कठड्याला धरून माझ्या शेजारी उभी राहिली. बाईंनी तुकडा तिच्या तळहातावर ठेवला. तिने तो डोळ्याजवळ नेऊन पाहिला, खालून वरून, आणि मग तोंडात घातला. ती बराच वेळ चावत होती. मी डोळे मिटायचे विसरलो.

नंतर व्हरांड्यात सगळे एकमेकांना सलाम करत होते. दोघीतिघींनी काकीला मिठी मारली, मास्तर डोळे पुसत होते. मी रिकामं ताट घेऊन बाजूला उभा होतो. गर्दी पांगल्यावर ती माझ्याजवळ आली, माझ्या हातातून ताट घेतलं, वरचं कापड झटकून त्याची घडी केली.

"मधी कच्ची व्हती रं," ती म्हणाली.

मी म्हटलं, हो, माझंही चुकलं असेल कुठंतरी.

"तवा तापू द्यायचा आदी. घाई केलीस तू."

मी मान खाली घातली. ती ताट काखेत धरून एकेक पायरी उतरून गेली. पुढच्या महिन्याची पोळी कोण करणार हे विचारायचा धीर मला अजून झालेला नाही.